देहाची बाह्यरेषा आणि भूमीचा बांध : स्त्रीवादी रेखाटनाविषयी काही विचार

१

स्त्रीदेह आणि भूदृश्य यांचे नाते चित्रकलेत कसे जुळवले गेले, याचा विचार करताना अल्ब्रेख्ट ड्यूररच्या एका काष्ठठशापाशी थांबावे लागते. ड्यूररच्या मापनविषयक ग्रंथाची पहिली आवृत्ती १५२५ मध्ये निघाली. त्याच्या मृत्यूनंतर, १५३८ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत हे चित्र समाविष्ट झाले. एका लांब मेजाच्या मध्यभागी चौकोनी जाळीची उभी चौकट आहे. तिच्या एका बाजूला उशांवर रेललेली, जवळजवळ विवस्त्र स्त्री आहे. दुसऱ्या बाजूला ताठ बसलेला चित्रकार आहे. त्याच्या डोळ्यासमोर एक टोकदार खुंटी उभी केलेली असून नजर तिच्या टोकाशी स्थिर ठेवून तो जाळीतून स्त्रीकडे पाहतो, आणि जाळीच्या ज्या घरात देहाचा जो भाग दिसतो तो समोरच्या कागदावर आखलेल्या तशाच घरात उतरवतो. मागच्या भिंतीत खिडक्या आहेत आणि त्यांतून बाहेरचा प्रदेश दिसतो.

हे चित्र यथार्थदर्शनाचे तंत्र समजावून देण्यासाठी काढलेले आहे. स्त्रीवादी कलासमीक्षेने त्याकडे पुनःपुन्हा लक्ष वेधले, ते पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री ही त्यातील विभागणी उघड करण्यासाठी. हे वाचन योग्यच आहे. पण तेवढ्यावर थांबल्यास चित्रातील एक महत्त्वाची गोष्ट निसटते. ज्या ग्रंथात हे चित्र येते त्याचा विषय मापन हा आहे. जाळीची घरे मोजून देह कागदावर उतरवणे आणि चौकोन पाडून प्रदेश नकाशावर उतरवणे या एकाच विद्येच्या दोन शाखा होत. चित्रातील स्त्री आडवी आहे, निश्चल आहे, तिच्या गुडघ्यांना आणि खांद्यांना टेकड्यांचे चढउतार आहेत. खिडकीबाहेरचा प्रदेशही तसाच निश्चल, मापला जाण्यास सिद्ध आहे. स्त्रीदेह भूदृश्यासारखा दिसतो, तो केवळ उपमेच्या बळावर दिसत नाही. दोघांना एकच रीत लावली जाते म्हणून ती दोन्ही एकमेकांसारखी दिसू लागतात.

स्त्रीवादी रेखाटनापुढचा प्रश्न येथून सुरू होतो. 'स्त्री म्हणजे भूमी' हे समीकरण स्वीकारावे की नाकारावे, एवढ्यापुरता तो बहुधा मांडला जातो. एक पक्ष म्हणतो, भूमीशी असलेले नाते हे स्त्रीचे हिरावलेले सामर्थ्य आहे, ते परत मिळवले पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, या नात्याचे गौरवीकरण हेच स्त्रीच्या दास्याचे साधन ठरले आहे, ते मोडले पाहिजे. दोन्ही पक्ष चित्रात काय दाखवले आहे याकडे पाहतात. ते दाखवताना रेषेने कोणते काम केले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. रेषा वेढा घालते का, मोजते का, ठसा उमटवते का, भोक पाडते का? या दृष्टीने पाहिल्यास आना मेंदिएता, झरीना आणि नसरीन मोहमदी या तिघींच्या कामातून ड्यूररच्या जाळीला दिलेली तीन वेगवेगळी उत्तरे दिसू लागतात.

२

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. मराठीत जमीन वांझ असते आणि स्त्रीही. पीक पोटरीत येते आणि निसवते. धरणीला कूस असते. सातबाराच्या उताऱ्यावरसुद्धा 'पोटहिस्सा' आणि 'पोटखराबा' असतो. भाषेतील या शब्दांना कोणी रचलेले रूपक म्हणता येणार नाही. ते शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले आणि तलाठ्याच्या दप्तरातले आहेत. म्हणूनच त्यांचा पगडा रूपकापेक्षा अधिक खोल असतो.

रेषेचा संबंधही येथे जुनाच आहे. 'सीता' या शब्दाचा मूळ अर्थ नांगराने जमिनीवर ओढलेली रेघ, म्हणजे तास, असा आहे. कथेतील सीता त्या तासात सापडते आणि शेवटी भूमीच्या पोटात परत जाते. मधल्या काळात तिच्याभोवती आणखी एक रेघ ओढली जाते. ही लक्ष्मणरेषा वाल्मीकिरामायणात नाही, नंतरच्या कथनांनी ती घातली. पण लोकमानसात ती इतकी रुजली की स्त्रीच्या मर्यादेला आज दुसरा शब्दच सुचत नाही. रेघेतून जन्मलेल्या स्त्रीला रेघेने बांधून ठेवण्याची ही कल्पना उत्तरकालीन असावी, हे पुरेसे बोलके आहे. उत्पन्न करणारी रेघ आणि अडवणारी रेघ यांतला भेद त्या परंपरेने हळूहळू पुसून टाकला.

या प्रतीकव्यवस्थेचा अर्थ केवळ सौंदर्यविचारापुरता नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज मानले आहे. लीला दुबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या बीज-क्षेत्र कल्पनेचे मानवशास्त्रीय विश्लेषण केले आणि तिच्यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष स्पष्ट केला : पीक ज्याचे बीज त्याचे, आणि क्षेत्र ही धारण करण्याची वस्तू, म्हणून स्त्रीचा अपत्यावरही हक्क दुय्यम आणि साधनसंपत्तीवरही. भूमी असणे आणि भूमीची धनीण असणे या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. चांदवड येथे १९८६ मध्ये भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर, नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर, शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. पतीने स्वखुशीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावावर करावा, असे आवाहन तीत होते. जिला शतकानुशतके धरणी म्हटले गेले, तिच्या नावावर धरणीचा तुकडा यावा यासाठी मोहीम काढावी लागते, या विसंगतीत सबंध समीकरणाची परीक्षा आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांबरोबरीचे स्थान देणारी कायद्याची दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशपातळीवर २००५ मध्ये झाली.

तेव्हा चित्रातील स्त्रीदेहाची बाह्यरेषा आणि शेताचा बांध यांच्यात काही समान आहे, असे म्हणताना शब्दखेळ केला जात नाही. दोन्ही रेषा आतले आणि बाहेरचे वेगळे करतात, दोन्ही आतल्या वस्तूला कोणाची तरी करतात. बांध कोरून रेघ सरकवता येते, पण त्याने धारणेची रीत बदलत नाही. स्त्रीवादी रेखाटनाचे कसोटीचे स्थळ हेच आहे. स्त्रीने स्त्रीदेह रेखाटला म्हणजे रेघ ओढणारा हात बदलला; रेघेचे काम बदलले की नाही, हे अजून पाहायचे असते.

३

आना मेंदिएताचा जन्म १९४८ मध्ये हवाना येथे झाला. क्यूबातील क्रांतीनंतर चौदा हजारांहून अधिक मुलांना पालकांविना अमेरिकेत पाठवण्यात आले. 'ऑपरेशन पीटर पॅन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या स्थलांतरात १९६१ मध्ये बारा वर्षांची आना आपल्या बहिणीसह आयोवा राज्यात पोहोचली. तिच्या कलेचा विचार या तुटण्यापासून वेगळा करता येत नाही. भूमीशी स्त्रीचे नाते उपजत आहे, असे मानणाऱ्याने मेंदिएताचा दाखला देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, ज्या भूमीवर ती आडवी झाली ती तिची नव्हती.

'सिलुएता' म्हणजे छायाकृती. या नावाची तिची मालिका १९७३ ते १९८० या काळात प्रामुख्याने आयोवा आणि मेक्सिको येथे घडली. तिचा आरंभ ज्या कृतीने झाला असे मानले जाते, तीत मेंदिएता मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील यागुल येथे एका प्राचीन थडग्यात विवस्त्र झोपली आहे आणि तिचा देह पांढऱ्या फुलांनी झाकला आहे. पुढे देह हळूहळू बाजूला झाला आणि त्याचा आकार उरला. चिखलात, गवतात, बर्फात स्वतःच्या उंचीएवढी आकृती कोरायची. ती फुलांनी, लाल रंगद्रव्याने किंवा बंदुकीच्या दारूने भरायची. कधी पेटवून द्यायची. १९७६ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वाळूत कोरलेली आणि लाल रंगाने भरलेली आकृती भरतीच्या लाटांनी क्रमाक्रमाने पुसली. उरली ती छायाचित्रे आणि छोट्या चित्रफिती.

या कृतींना शिल्प म्हणावे, प्रयोग म्हणावे की रेखाटन, असा प्रश्न विचारता येतो. बाह्यरेषा हा त्यांचा प्राण असल्याने त्या रेखाटनाच्या कक्षेत येतात, आणि रेखाटनाच्या परंपरेशी त्यांचा झगडाही तेथेच आहे. ड्यूररच्या चित्रकाराची रेषा देहापासून दूर बसून, जाळीतून पाहून ओढलेली आहे. मेंदिएताची रेषा देह जमिनीला टेकल्यामुळे पडली आहे, किंवा तो टेकला असता तर जशी पडली असती तशी कोरलेली आहे. पाहणारा डोळा आणि पाहिला जाणारा देह यांच्यातले अंतर तिने काढून टाकले. उभी जाळी जणू आडवी पडली आणि तिच्या जागी माती आली. येथे रेषेने वेढलेला देह नाही. देह उठून गेल्यावर मागे राहिलेली पोकळी आहे. ती धारण करता येत नाही, कारण ती टिकतच नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला यागुलची आकृती पाहताना लज्जागौरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या 'लज्जागौरी' या ग्रंथात मातृदेवतांचा शोध घेताना वारुळाला भूमीची योनी मानणाऱ्या उपासनेचा मागोवा घेतला. मेंदिएतालाही आदिम देवतांचे आकर्षण होते. १९८१ मध्ये क्यूबातील हारुको येथे तिने चुनखडीच्या खडकात जी शिल्पे कोरली, त्यांना तिने तेथील मूळ ताइनो लोकांच्या देवतांची नावे दिली. लूसी लिपार्ड हिने १९८३ च्या आपल्या ग्रंथात समकालीन कला आणि प्रागैतिहासिक चिन्हे यांचा जो संबंध मांडला, त्यात या कामाला स्थान मिळाले. याच सुमारास सत्त्ववादाचा आक्षेपही पुढे आला होता. शेरी ऑर्टनर हिने १९७२ मध्येच असा प्रश्न उपस्थित केला होता की, स्त्रीला निसर्गाच्या आणि पुरुषाला संस्कृतीच्या बाजूला ठेवणारी विभागणी हेच स्त्रीच्या दुय्यमत्वाचे मूळ तर नव्हे?

हा आक्षेप गंभीर आहे आणि मेंदिएताच्या सर्वच कामाला त्यातून सोडवता येणार नाही. हात उंचावलेल्या देवतेचा साचा जेथे पुनरावृत्त होतो, तेथे विशिष्ट देहाची जागा 'स्त्रीत्व' नावाची कल्पना घेते आणि कृती सैलावते. पण १९७३ च्याच तिच्या दुसऱ्या कामाकडे पाहिले की चित्र बदलते. विद्यापीठाच्या परिसरात एका विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिचा खून झाल्यानंतर मेंदिएताने स्वतःच्या निवासात, स्वतःच्या रक्ताळलेल्या देहानिशी, त्या प्रसंगाची रचना निमंत्रितांसमोर मांडली. स्त्रीदेह जमिनीला किंवा मेजाला टेकतो तेव्हा तो नेहमी मातेच्या कुशीतच जातो असे नाही. त्याला पाडलेलेही असू शकते, याचे भान तिच्या छायाकृतींना आरंभापासून आहे. १९८२ मध्ये न्यूयॉर्क येथे रक्त आणि रंग माखलेले हात उभ्या कागदावरून खाली ओढत नेऊन तिने जी रेखाटने केली, त्यांत हे भान सर्वांत थेट उतरले आहे. हात वर टेकलेले, देह खाली घसरत जाणारा, आणि मागे उरलेल्या दोन रेघा. त्या रेघांनी काहीही वेढलेले नाही. देह येथून गेला, एवढेच त्या नोंदवतात.

मेंदिएताचा मृत्यू ८ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कमधील चौतिसाव्या मजल्यावरील घराच्या खिडकीतून पडून झाला. तिचा पती, शिल्पकार कार्ल आंद्रे याच्यावर खुनाचा खटला चालला आणि १९८८ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता झाली. या मृत्यूनंतर तिच्या छायाकृतींमध्ये भविष्याची चाहूल शोधण्याची सवय समीक्षेला लागली. ही सवय टाळली पाहिजे. जिने आयुष्यभर बाह्यरेषेतून देह सोडवला, तिच्या सबंध कामाभोवती मृत्यूची एकच बाह्यरेषा ओढणे हा तिच्यावरील अन्याय होय.

४

न्यूयॉर्कमधील ए. आय. आर. गॅलरी ही १९७२ मध्ये स्त्री-कलावंतांनी सहकारी तत्त्वावर सुरू केलेली संस्था. तेथे १९८० मध्ये मेंदिएताने काझुको मियामोतो आणि झरीना यांच्यासह अमेरिकेतील तिसऱ्या जगातील स्त्री-कलावंतांचे एक प्रदर्शन भरवले. अमेरिकन स्त्रीवाद हा मूलतः गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांचा राहिला, ही त्यामागची तक्रार होती. भूमी हरवलेल्या दोन स्त्रिया तेथे एकत्र आल्या होत्या, पण त्यांच्या रेषा वेगळ्या दिशांनी गेल्या.

झरीना हाश्मी यांचा जन्म १९३७ मध्ये अलीगढ येथे झाला. व्यवसायात त्यांनी केवळ 'झरीना' हे नाव ठेवले. त्यांनी गणिताची पदवी घेतली. पुढे पॅरिसमध्ये हेटर यांच्या कार्यशाळेत आणि टोकियोत मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचे कुटुंब पाकिस्तानात गेले आणि त्या स्वतः अनेक शहरांत राहून न्यूयॉर्कला स्थिरावल्या. २०२० मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. कागद त्यांना त्वचेसारखा वाटे : तो ओरखडतो, सुरकुततो, वयानुसार जून होतो. ही जाणीव ध्यानात घेतली म्हणजे १९७७ च्या सुमाराच्या त्यांच्या टाचणीच्या रेखाटनांचा अर्थ उलगडतो. या कागदांवर शाई नाही, पेन्सिल नाही. आहेत ती फक्त सुईने पाडलेली भोके. प्रकाश तिरका पडला की त्यांची उठावदार पृष्ठे दिसतात, नाहीतर कागद कोराच भासतो.

सुई हे घरातल्या स्त्रीचे साधन. पण झरीना यांची सुई शिवत नाही. ती केवळ टोचते आणि बाहेर येते. रेषेचा नियम असा की ती कागदाच्या एका बाजूला असते आणि पाहणाराही त्याच बाजूला असतो. भोक मात्र दोन्ही बाजूंना असते. आतले आणि बाहेरचे वेगळे करणाऱ्या रेघेला दिलेले हे उत्तर मेंदिएताहून निराळे आहे. मेंदिएताने बाह्यरेषा ठेवली आणि आतला देह काढून घेतला; झरीना यांनी देहाची आकृतीच वर्ज्य केली आणि कागदाला देह केले. येथे स्त्रीदेह पाहण्याचा विषय राहत नाही, तो सोसण्याचा पृष्ठभाग होतो.

भूमी या कामात पुढे आली. २००१ मधील त्यांचे फाळणीच्या रेषेचे मुद्राचित्र काटेकोर अर्थाने रेखाटन नव्हे, तो काष्ठठसा आहे. पण रेषेविषयी इतके सखोल विधान करणाऱ्या कृती थोड्या. कागदावर भारत-पाकिस्तान सीमेची काळी, नागमोडी रेघ आहे आणि दोन्ही बाजूंना मोकळा कागद. काष्ठठशात काळी रेघ उमटवायची तर रेघ तशीच ठेवून तिच्या आजूबाजूचे लाकूड कोरून काढावे लागते. म्हणजे ही रेघ ओढलेली नाही. ती उरावी म्हणून दोन्हीकडची भूमी खरवडून टाकली आहे. त्या खरवडण्याचे तुरळक काळे ओरखडे छापात राहिले आहेत. फाळणीत भूमीच्या नावाने स्त्रियांच्या देहांवर काय झाले, ते येथे एकाही आकृतीशिवाय सांगितले गेले. भारतमाता, तिचे तुकडे, तिची विटंबना ही भाषा ज्या काळात सर्रास वापरली गेली, त्या काळात पळवल्या गेलेल्या स्त्रियांचे देह कोणत्या राष्ट्राचे, याचा निर्णय सरकारे करीत होती. भूमीला स्त्रीचे रूप न देता भूमीवरची जखम दाखवणे, हा झरीना यांचा संयम म्हणूनच राजकीय आहे.

५

नसरीन मोहमदी यांचाही जन्म १९३७ मधलाच, कराचीचा. बालपणीच त्या मुंबईत आल्या. लंडन आणि पॅरिस येथे शिकल्या. १९७२ पासून अखेरपर्यंत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवीत राहिल्या. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेतले नाही आणि त्यांच्या प्रौढ रेखाटनांत कोठेही देह नाही. मग या विवेचनात त्यांना स्थान का द्यावे, असा प्रश्न येईल.

त्याचे उत्तर ड्यूररच्या जाळीत आहे. सत्तरच्या दशकातील नसरीन यांच्या अनेक रेखाटनांचा आधार जाळी हाच आहे. पेन्सिल, शाई, पट्टी आणि इतर यांत्रिक साधने घेऊन त्यांनी कागदभर आडव्या-उभ्या रेषा आखल्या. म्हणजे पुरुष चित्रकाराचे मापनाचे साधन त्यांनी तसेच्या तसे हाती घेतले. फरक असा की त्या जाळीच्या पलीकडे आता कोणी आडवे पडलेले नाही, आणि अलीकडे नजर खिळवणारी खुंटीही नाही. रेषांच्या जाडीत आणि अंतरात होत जाणाऱ्या सूक्ष्म बदलांमुळे जाळी मध्येच विरते, पुन्हा दाटते, कलते. डोळ्याला एका जागी उभे राहता येत नाही. पुढच्या रेखाटनांत तर जाळी सुटून तिरप्या रेषा कोऱ्या अवकाशात तरंगू लागतात.

या रेखाटनांना केवळ अमूर्त म्हणून भागत नाही. नसरीन यांनी काढलेली छायाचित्रे त्यांच्या हयातीत प्रदर्शित झाली नाहीत, पण ती आता उपलब्ध आहेत. आणि त्यांत समुद्राची ओसरती कड आहे, वाळवंट आहे, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी आहे, मागावर ताणलेले धागे आहेत. भूदृश्य त्यांनी टाळले नाही. त्याला देहासारखे पाहणे तेवढे टाळले. किनाऱ्यावरची क्षितिजरेषा कोणालाही वेढत नाही. ती पाहणाऱ्याबरोबर सरकते. नसरीन यांची रेषा या जातीची आहे.

आणि तरीही देह या कामात आहे. तो कागदासमोर बसलेल्या, श्वास आवरून पट्टीला धरून रेघ ओढणाऱ्या स्त्रीचा आहे. ड्यूररच्या मेजावर दोन देह होते. त्यांतला चित्रकाराच्या जागेवर बसलेला देह आता स्त्रीचा आहे, आणि समोरची जागा रिकामी ठेवण्याचा निर्णय तिचा आहे. नसरीन यांना उत्तरायुष्यात स्नायूंवरील ताबा हळूहळू नाहीसा करणारा मज्जासंस्थेचा विकार झाला, आणि त्यांच्या रेषेची अचूकता ही आजारावर केलेली मात होती, असे अनेकदा लिहिले जाते. हे कथन हृदयस्पर्शी असले तरी ते रेषेला पुन्हा स्त्रीच्या पीडित देहाच्या हवाली करते. जाळीचा विचार त्या आजाराच्या आधीच सिद्ध झाला होता. पुरुषाच्या काटेकोर रेषेला बुद्धीचे आणि स्त्रीच्या काटेकोर रेषेला दुःखाचे श्रेय देणे ही समीक्षेची जुनी खोड आहे.

६

या तीन उत्तरांची प्रतवारी लावण्याचे कारण नाही. मेंदिएताने रेषेला ठसा केले, झरीना यांनी तिला जखम केले, नसरीन यांनी तिला अवकाश केले. तिघींत समान आहे ते एवढेच की, रेषा धारणेचे साधन होण्यास नकार देते. स्त्रीवादी रेखाटनाची ओळख विषयावरून किंवा कलावंताच्या घोषणेवरून करण्यापेक्षा या नकारावरून करणे अधिक फलदायी ठरेल.

परंतु या निकषालाही एक मर्यादा आहे आणि ती महाराष्ट्रातच दिसते. ठाणे-पालघर भागातील वारल्यांच्या लग्नात सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकोनाच्या मधोमध पालघट देवी असते, आणि हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. स्त्रीने काढलेला स्त्रीदेह, भूमीची सुफलता आणि चौकट या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आहेत. ही रेघ धारणेची की आवाहनाची? चौक पाहण्यासाठी नसतो, देवीला बोलावण्यासाठी असतो. लग्न आटोपले की त्याचे काम संपते. या दृष्टीने तो मेंदिएताच्या वाळूतल्या आकृतीला जवळचा वाटू शकतो. पण सत्तरच्या दशकात कागद आणि बाजार वारल्यांच्या पाड्यांवर पोहोचला तेव्हा चित्रकार म्हणून प्रामुख्याने पुरुषांची नावे पुढे आली. जिव्या सोमा म्हसे यांची प्रतिभा निर्विवाद होती; तरी जी रेघ भिंतीवर होती तोवर सवाष्णींची होती, ती कागदावर स्वाक्षरीसह येताच बहुतांशी पुरुषांची झाली, हे विसरता येत नाही. रेषेने आपले काम बदलले तरी ती ज्या पृष्ठभागावर आहे तो कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न रेषेच्या बाहेर उरतो.

आणि त्याच्याही मागे भूमीचा प्रश्न उरतो. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात ज्या वारल्यांच्या १९४५ च्या लढ्याची हकीगत सांगितली, ते आपल्याच जमिनीवर सावकार-जमीनदारांचे वेठबिगार झाले होते आणि त्यांच्या स्त्रियांचे देहही त्या वेठीतून सुटलेले नव्हते. सुफलतेची देवी भिंतीवर लिहिणाऱ्या हातांच्या नावे शेत नव्हते. अशा स्त्रीकडून भूमीशी असलेल्या आदिम एकरूपतेची साक्ष मागणे, हे शहरी समीक्षेने तिच्याभोवती ओढलेले नवे कुंपण ठरेल. स्त्रीदेह आणि भूदृश्य यांच्या चित्रांविषयी बोलताना सातबाराचा विचार कलाबाह्य मानला जातो. मेंदिएताच्या परक्या मातीने आणि झरीना यांच्या काळ्या रेघेने दाखवले ते हे की, तो विचार रेखाटनाच्या आतच असतो. त्याची दखल घेणारी समीक्षा मराठीत अजून पुरती उभी राहायची आहे. आणि ती उभी राहील तेव्हा तिला आपल्या भाषेतील 'वांझ' आणि 'पोटखराबा' या शब्दांपासूनच आरंभ करावा लागेल.